अडलं कुठे, ते सांगा

इंजिनीअरिंगच्या मुलाला गणित अडलं की तो आधी मोबाईल काढतो, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पहिल्या वर्षाच्या एका तुकडीत साठ-सत्तर मुलं बसतात. तास संपता संपता ‘एनी डाऊट्स?’ विचारलं जातं आणि सगळा वर्ग गप्प राहतो. शंका तेव्हा नसतेच. ती येते पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, रात्री अकराला, वही उघडून एकट्याने बसल्यावर. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी शिक्षक आणि विद्यार्थी यांचं प्रमाण एकास पंधरावरून एकास वीसवर नेलं. पण हा हिशेब कॉलेजच्या वेळेतला, रात्री अकराचा नव्हे. घरी विचारावं, तर 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडल्यापासून ज्यांच्या घरात कुणी ड्रॉईंग बोर्डही पाहिला नव्हता अशी हजारो मुलं या शिक्षणात आली. त्यांनी बाहेर मदत मागितली तर दोष त्यांचा नाही. मात्र मदत मागताना ती काय लिहितात, याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही आणि खरी मेख तिथेच आहे. मदत फुकटच्या व्हिडिओतून आली, वर्गणी भरून आली की चॅटजीपीटीने दिली, यावर शिकणं ठरत नाही. विचारण्याआधी मुलाने स्वतः काय करून पाहिलं आणि नेमकं कुठे अडलं हे त्याला सांगता येतं का, यावर ते ठरतं. हे सांगायची सवय आपली कॉलेजं लावत नाहीत. असली तर मोडतात.

पुरवठ्याची तर कुठेच ददात नाही. सात आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. त्यातली व्याख्यानं आजही कुणालाही फुकट पाहता येतात, फक्त ती निवांत चालतात आणि परीक्षा उद्यावर आलेली असते. म्हणून गर्दी होते ती विद्यापीठाच्या सिलॅबसप्रमाणे युनिटवार, ‘महत्त्वाचे सम’ सोडवून दाखवणाऱ्या यूट्यूब वाहिन्यांवर आणि सोडवलेल्या जुन्या पेपरांच्या पीडीएफ फिरवणाऱ्या टेलिग्राम ग्रुपांवर. वुल्फ्रॅम अल्फा 2009 पासून इंटिग्रेशन करून देतंय. अमेरिकेत चेग नावाच्या कंपनीने याचाच मोठा धंदा उभारला. विद्यार्थ्याने महिन्याची वर्गणी भरायची, पाठ्यपुस्तकातला किंवा असाइनमेंटमधला प्रश्न टाकायचा आणि तज्ज्ञाने पायऱ्यांसकट उत्तर लिहून द्यायचं. या तज्ज्ञांत मोठा भरणा भारतातल्या पदवीधरांचा, मोबदला प्रश्नागणिक. अमेरिकेतल्या कॉलेजचा गृहपाठ रात्रीतून इथे सुटत होता. 2021 च्या सुरुवातीला कंपनीच्या शेअरचा भाव शंभर डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पिअरसन या पुस्तक कंपनीने आपल्या पुस्तकांतल्या प्रश्नांची उत्तरं विकल्याबद्दल तिच्यावर दावा ठोकला. पण पेकाट मोडलं ते दाव्याने नव्हे. नवे ग्राहक चॅटजीपीटीकडे वळत असल्याची कबुली कंपनीच्या प्रमुखांनी मे 2023 मध्ये दिली आणि शेअर एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. तयार उत्तरच घ्यायचं, तर वर्गणी भरायची कशाला, हा हिशेब मुलांना कुणी शिकवावा लागला नाही.

उत्तर मिळणं आणि गणित कळणं यांतलं अंतर किती, ते पाहायला पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समधलं एक साधं गणित पुरे आहे. खडबडीत जमिनीवर 200 न्यूटन वजनाचा ठोकळा आहे, घर्षणांक 0.3, आणि त्याला आडव्या दिशेने 40 न्यूटन जोराने ढकललं आहे. घर्षण किती? वर्गातली बरीच मुलं बिनदिक्कत 60 लिहितात, कारण घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन, म्हणजे घर्षणांक गुणिले जमिनीची उभी प्रतिक्रिया, हे सूत्र बारावीपासून तोंडपाठ असतं. पण घर्षण खरोखर 60 असतं आणि ढकलणारा जोर 40, तर ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून आला असता. बरोबर उत्तर 40 आहे. ठोकळा स्थिर असताना घर्षण गरजेपुरतंच लागतं आणि 60 ही त्याची कमाल मर्यादा आहे. आता दोन मुलं समजा. एकाने गणिताचा फोटो काढून ‘सोल्यूशन पाहिजे, अर्जंट’ असं लिहिलं. त्याला 40 मिळालं, ते त्याने वहीत उतरवलं आणि काम संपलं. दुसऱ्याने लिहिलं की म्यू एन काढला, 60 आला, पण मग ठोकळा उलटा का सरकत नाही? या मुलाला उत्तर कोण देतो याला जवळजवळ महत्त्वच उरत नाही. रूममेटने दिलं, परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने दिलं किंवा यंत्राने दिलं, तरी ते त्याच्या समजुतीत जिथे भोक होतं तिथेच जाऊन बसतं. परीक्षेत 40 च्या जागी 80 न्यूटन आले, ठोकळा सरकू लागला, तर पहिला मुलगा पाठ केलेल्या रीतीने घर्षणही 80 लिहून मोकळा होईल. जोर तिरका, खाली दाबणारा दिला तर आणखी फजिती, कारण मग एन म्हणजे वजन ही दुसरी समजूतही कोसळते आणि ती कोसळली हे त्याच्या लक्षातही येत नाही.

मदत मागण्याच्या या दोन तऱ्हांचा अभ्यास जुना आहे. शॅरन नेल्सन-ल गॉल या संशोधिकेने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुलांच्या मदत मागण्यात असा भेद केला होता. एका प्रकारात मूल काम दुसऱ्याकडून उरकून घेतं, दुसऱ्यात पुढच्या वेळी स्वतःला जमावं एवढ्यापुरताच हात मागतं. इंटरनेटवरच्या तंत्रज्ञांनी हाच भेद अनुभवातून शोधला आणि त्याचे नियम केले. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी 2001 मध्ये प्रश्न कसे विचारावेत यावर लांबलचक मार्गदर्शिका लिहिली. 2008 मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्नकर्त्याकडून अपेक्षा असते ती चूक दाखवणाऱ्या कमीत कमी कोडची, म्हणजे ज्यात बिघाड दिसेल आणि अनावश्यक काहीच नसेल अशा तुकड्याची. त्याच कुटुंबातल्या भौतिकशास्त्राच्या संकेतस्थळावर नुसता गृहपाठ आणून टाकला तर प्रश्न बंद होतो. आपल्याकडच्या मुलांना हा अपमान वाटतो. त्यात थोडं तथ्य आहे, कारण तिथले जुनेजाणते लोक अनेकदा फटकून बोलतात आणि अडखळत्या इंग्रजीला त्यांच्याकडे फारशी माया नसते. पण नियमामागचं शहाणपण त्यांच्या सुरामुळे खोटं ठरत नाही. चूक दाखवणारा कमीत कमी कोड काढायला बसलेला मुलगा ओळी गाळत जातो, आणि निम्म्या वेळा गाळता गाळताच त्याला चूक सापडते. प्रश्न पाठवायची वेळच येत नाही.

उत्तर उतरवून घेतल्याने नेमकं काय होतं, याचे आता पुरावे आहेत. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अर्नॉल्ड ग्लास आणि मेंगश्वे कांग यांनी 11 वर्षांतल्या तुकड्यांचे गृहपाठाचे आणि परीक्षेचे गुण ताडून पाहिले. गृहपाठात चांगले आणि परीक्षेत त्याहून कमी गुण, अशी गत असलेले विद्यार्थी 2008 मध्ये 14 टक्के होते, 2017 मध्ये 55 टक्के झाले. हे वर्ग मानसशास्त्राचे होते, इंजिनीअरिंगचे नव्हते, आणि चॅटजीपीटी यायला अजून पाच वर्षं होती. म्हणजे दुखणं यंत्रापेक्षा जुनं. इंजिनीअरिंगच्या जवळचा पुरावा हवा तर टॉमस लँकेस्टर आणि कोड्रिन कोटारलान यांचा आहे. त्यांनी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या पाच विषयांत चेगवर पडलेले प्रश्न मोजले. 2019 च्या एप्रिल ते ऑगस्टच्या तुलनेत 2020 च्या त्याच महिन्यांत, म्हणजे परीक्षा घरून सुरू झाल्यावर, ते 196 टक्क्यांनी वाढले होते. त्या काळात आपल्याकडच्या ऑनलाइन परीक्षांत काय चाललं होतं, हे त्या बॅचच्या मुलांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात बोलका प्रयोग मात्र तुर्कस्तानातल्या एका शाळेतला आहे. नववी ते अकरावीच्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी तीन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीची पुस्तकं-वह्या, दुसऱ्याला चॅटजीपीटीसारखं सरळ उत्तर देणारं यंत्र, तिसऱ्याला तेच यंत्र, पण उत्तर न देता इशारे देणारं. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा 48 टक्क्यांनी सरस ठरली, तिसऱ्याची तर 127 टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. सरळ उत्तर मिळालेला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षाही 17 टक्के मागे पडला. इशारे मिळालेल्या गटाचं नुकसान झालं नाही, पण ठळक फायदाही दिसला नाही. आणि मागे पडलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलंच नव्हतं. इशारे देणारं यंत्र तयार करताना मुलं कुठे चुकतात आणि तिथे काय सुचवावं, हे शिक्षकांनी आधी लिहून दिलं होतं, ही बाब घाईत नजरेतून सुटते. यंत्राला अडण्याची जागा आपोआप कळली नाही. ती वर्गात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसांना ठाऊक होती.

कॉपी काय आजची आहे, असा आक्षेप यावर हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. महाराष्ट्रात इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला जीटी म्हणजे काय हे विचारा. काचेखाली बल्ब लावून मित्राची शीट आपल्या कागदावर उतरवायची, ग्लास ट्रेसिंग. हॉस्टेलच्या हॉस्टेल रात्र रात्र जागून शीट मारत असत. त्याच मुलांनी पुढे पूल बांधले, कारखाने चालवले, मग आताच एवढा गहजब का? फरक दोन ठिकाणी आहे. जीटी मारायला मूळ शीट काढणारा कुणीतरी लागायचा आणि तो शेजारच्या खोलीत असायचा. हा टॉप व्ह्यू असा का, असं त्याला विचारता यायचं, आणि शीट मागायला गेलेला मुलगा बऱ्याचदा विचारायचाही, निदान ओरलच्या भीतीने. दुसरं, जीटी ड्रॉईंगपुरती होती. मॅथ्सचं इंटिग्रेशन काचेखाली घालता येत नव्हतं. तिथे निदान पेपरपुरतं तरी डोकं चालवावं लागे. आता सगळे विषय एकाच काचेवर आलेत आणि मूळ शीट काढणारा माणूस नाहीसा झालाय.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो शिक्षणशास्त्रातूनच येतो. नवख्याने तयार उदाहरणं वाचणं वाईट असतंच असं नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत उलटंच दिसलं. सुरुवातीच्या टप्प्यावर नुसती गणितं सोडवत बसण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्यांनी त्याच धर्तीची पुढची गणितं कमी वेळात आणि कमी चुका करत सोडवली. मग सोल्यूशनची पीडीएफ मागणाऱ्या मुलाने काय बिघडवलं? मला हा आक्षेप मान्य आहे, फक्त त्याच्या शेपटासकट. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मेकॅनिक्सची सोडवलेली उदाहरणं वाचताना विद्यार्थी मनाशी काय बोलतात ते नोंदवलं. पुढे चांगली गणितं सोडवणारे विद्यार्थी वाचताना दर पायरीला थांबून ‘हा जोर इथे का घेतला’ याचा खुलासा स्वतःशीच करत होते आणि कळलं नाही तर कळलं नाही असं म्हणत होते. कच्चे विद्यार्थी वाचत पुढे जात होते आणि सगळं कळल्याचं सांगत होते. कागद दोघांपुढे एकच होता. म्हणजे सोडवलेलं उदाहरण उपयोगी पडतं ते तिसऱ्या पायरीवर बोट ठेवून ‘हे कुठून आलं’ विचारणाऱ्याला. जी मागणी प्रश्न विचारताना, तीच वाचताना.

नोकरीला लागल्यावर सगळे गूगलच करतात, हा तिसरा युक्तिवाद मुलांच्या तोंडी फार असतो. करतात, यात शंका नाही. पण साइटवरच्या इंजिनीअरने कुठून तरी बीमचं डिझाइन आणलं तर सळया जास्त वाटतात की कमी, हे त्याची नजर सांगते, आणि ती नजर त्याला डाऊनलोड करता आलेली नाही. चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, डिसेंबर 2022 मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरं टाकण्यावर बंदी घातली. कारण असं दिलं की ती दिसायला चांगली असतात, बरोबर असण्याचं प्रमाण कमी असतं आणि तयार करायला क्षण पुरतो. ही बंदी यंत्राला भ्यालेल्या मास्तरांची नव्हती. दिवसभर कोड लिहिणाऱ्यांची होती.

मग मुलं असं का विचारतात? आळशीपणा हे सोपं उत्तर आहे आणि ते मला पटत नाही, कारण हीच मुलं क्रिकेटचा नाहीतर गाडीच्या मायलेजचा प्रश्न विचारताना तपशिलाची कसर ठेवत नाहीत. ती असं विचारतात, कारण आपली व्यवस्था नेमकं तेवढ्याचेच गुण देते. टर्मवर्क घ्या. एका बॅचच्या सगळ्यांना प्रयोग तेच, असाइनमेंट तीच, आणि जर्नल पूर्ण असेल तर सही मिळते. निष्कर्षाच्या चार ओळी दरवर्षी त्याच असतात, पूर्वी सीनियरच्या फाइलवरून येत, आता पीडीएफवरून. जर्नलमध्ये ‘इथे माझं रीडिंग जुळलं नाही, कारण कळलं नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला काय मिळतं? रिमार्क, आणि सबमिशनच्या आठवड्यात पुन्हा लिहून आणायचा हुकूम. त्यापेक्षा रीडिंग उलटं मोजून जुळवणं शहाणपणाचं. पेपरची तऱ्हाही निराळी नाही. मागच्या पाच वर्षांचे पेपर चाळले की पुढचा कशावर येणार याचा अदमास लागतो, आणि स्थानिक प्रकाशनांची पुस्तकं त्या अदमासावरच खपतात. अशा ठिकाणी ‘सोल्यूशन पाहिजे, अर्जंट’ लिहिणारा मुलगा व्यवस्थेचे नियम अचूक ओळखून वागतो. आपलं अज्ञान नेमक्या शब्दांत कबूल करणाऱ्याच्या हाती या व्यवस्थेत काहीच पडत नाही.

एक बाजू मात्र नव्या यंत्रांच्या पारड्यात मनापासून टाकली पाहिजे. दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या मुलीला घर्षण कळलेलं असतं. ‘लिमिटिंग फ्रिक्शन’च्या व्याख्येतल्या इंग्रजी वाक्याशी तिची झटापट चालू असते, आणि भर वर्गात मोडक्या इंग्रजीत शंका विचारण्यापेक्षा ती न विचारणं पसंत करते. 2021 मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह प्रादेशिक भाषांतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली, पण बहुसंख्य मुलं आजही इंग्रजीतच शिकतात, पेपरही इंग्रजीतच लिहितात. परदेशी संकेतस्थळावर या मुलीचा निभाव लागत नव्हता. आता ती इंग्रजी लिपीत मराठी लिहून, अर्धी वाक्यं टाकून, ‘सर पण एन वजनाएवढाच का नाही घ्यायचा’ असं विचारू शकते. कुणी हसत नाही, दहाव्यांदा विचारलं तरी कंटाळत नाही. जिला नक्की कुठे अडलंय हे ठाऊक आहे आणि ते बोलायला तोंड नव्हतं, तिच्यासाठी ही सोय मोठी आहे. म्हणून बंदीच्या गप्पा मला उथळ वाटतात. बंदीने फोटो काढून टाकणारा मुलगा दुसरी वाट शोधेल आणि अडचण होईल ती या मुलीची.

करण्याजोगं काय आहे, तर त्यासाठी नवं पोर्टलही नको आणि एआय पकडणारं सॉफ्टवेअरही नको. आपल्या पद्धतीत ओरल आधीपासून आहे. फक्त तिचं रूपांतर जर्नलवर सही आणि एक-दोन व्याख्या यांत झालंय. असाइनमेंटसोबत सुटलेल्या गणिताऐवजी न सुटलेलं एक गणित मागा. कुठवर गेलो, कुठे अडलो, मग कुणाला काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, सगळं लिहिलेलं. यंत्राला विचारलं असेल तर तो संवादही जोडा. हेही मुलं चॅटजीपीटीकडून लिहून घेतील, असं कुणी म्हणेल. घेतीलच काही. म्हणून त्याच पानावर समोरासमोर एक प्रश्न विचारायचा: ठोकळ्याला 40 ऐवजी 80 दिले तर? अर्ध्या मिनिटात कळतं. वेळ कुठून आणायचा, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे, कारण त्यांच्यामागे अ‍ॅक्रेडिटेशनच्या फाइली, प्रवेशाचं काम आणि अनेकांच्या बाबतीत कंत्राटी पगार लागलेला आहे. पण प्रॅक्टिकलला बॅच साधारण वीस जणांची असते आणि वेळ दोन तास. प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर शंभर मिनिटं होतात. सत्रात असे दोन तास काढायचे, तर वीस जर्नलांवरच्या काही सह्या त्या दिवशी राहून जातील, आणि अ‍ॅक्रेडिटेशनच्या समितीला फाइलमध्ये न सुटलेली वीस गणितं का लावली आहेत, हे विभागप्रमुखांना समजावून सांगावं लागेल.